लेखकास विचारावे

आई, तुझा एक व्हिडिओ आहे. त्यात तुझा चेहरा नाही, आवाज नाही, नावही नाही. पण तुझी निळी रेक्झिनची पिशवी आहे, साताऱ्याच्या स्टँडवरून सुटणारी पुण्याची गाडी आहे, तुझं मुद्रितशोधनाचं काम आहे, आणि ही बाई दोन मुलांना टाकून गेली असं एक वाक्य आहे. तू वारलीस तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि आपल्या घरातला फोन फक्त बोलण्यासाठी होता, म्हणून तुला हे आधी नीट सांगायला हवं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात एक मराठी माणूस आपल्या गॅरेजात कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो. ते बोलणं कुठलीही मराठी माणसं आपापल्या फोनवर बघतात आणि खाली आपलं मत लिहितात. तुझ्याबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते मी इथे उतरवणार नाही. मी ते सगळं वाचलं आहे, एकेक ओळ, तुझी पट्टी खाली धरून.

ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. सहा इंची, स्टीलची, एका कडेला सेंटिमीटरचे आकडे पुसले गेलेली. तू प्रूफ तपासताना ती ओळीखाली धरायचीस आणि एकेक ओळ खाली सरकवायचीस. मी चौथीत पहिला आलो तेव्हा तू मला ती दिलीस आणि स्वतःसाठी लाकडी घेतलीस. स्वयंपाकघरात पाटावर तू, मांडीवर प्रुफं, आणि समोर मी मूळ प्रत घेऊन मोठ्यानं वाचतो आहे. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. कुकरची शिट्टी झाली की तू हातानं थांब म्हणतेस. शिट्टीत एक काना बुडाला तर तो पुस्तकात कायमचा बुडतो, हे तुझं म्हणणं. एकदा प्रतीत एक विनोद आला. मी हसलो आणि पुढची अख्खी ओळ गाळली. तू माझ्या गुडघ्यावर लाल पेनानं हलकेच टक् केलंस आणि म्हणालीस, "गोष्ट नंतर वाच. आधी अक्षरं. अर्थात शिरलास की चूक निसटते." मला तू फार कमी वेळा रागावलीस, म्हणून हे रागावणं मी जपून ठेवलं. इतकं, की पुढे मोठेपणी ते चुकीच्या ठिकाणी वापरलं.

बारावी दुसऱ्या खेपेला सुटली आणि कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं. ताई तेव्हा न्यूझीलंडमध्येच, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नर्स झाली होती. तिनंच माझे फॉर्म भरले आणि २०१४ मध्ये मी ऑकलंडला एका बिझनेस डिप्लोमासाठी आलो. संस्था एका दुकानाच्या वर दोन मजल्यांत मावायची. डिप्लोमाचा पहिला भाग मी केला, दुसरा केला नाही. मग गोठवलेल्या मालाच्या गोदामात लागलो. उणे तापमानात दिवसभर खोकी रचायची, हातात जाड मोजे, कानात टोपीखाली इअरफोन. ऑकलंडच्या अवोन्डेल भागात एका घरात आम्ही पाच जण राहायचो आणि पाचही जणांच्या पाळ्या वेगळ्या. रविवारच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडताना कुणीतरी माओरी भाषेतला नमस्कार, "किया ओरा", म्हणायचं, तेवढंच आठवड्यातलं माझ्याशी बोलणं. त्या काळात मी गॅरेजातल्या त्या माणसाचे, दादाचे, व्हिडिओ ऐकायला लागलो. त्याला सगळेच दादा म्हणायचे. मीही त्याला तेच म्हणत आलो आणि आज दुसरं काही म्हणता येत नाही.

दादाचे पहिले व्हिडिओ खरंच कामाचे होते, हे मी मान्य करतो. राउंडअबाउटवर कुणी थांबायचं, भाड्याचं घर बघायला जाताना काय विचारायचं, सीव्हीत जन्मतारीख का घालायची नाही. पण पडद्यावर येणाऱ्या मराठी पाट्यांत चुका असायच्या आणि त्या मला सहन व्हायच्या नाहीत. एका व्हिडिओतल्या अकरा चुका मी वेळेसकट लिहून त्याला पाठवल्या. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "अकरा? अरे, तू माणूस आहेस की शाळातपासनीस? ये रविवारी माझ्या घरी, फ्लॅट बुशला. जेवायलाच ये. बस नको, मी येतो घ्यायला." आणि तो खरंच आला. पुढे माझी गादी नवीन खोलीत न्यायची होती तेव्हाही तोच आला, गादी गाडीच्या टपावर दोरीनं बांधली आणि सगळ्या वाटेत एक हात खिडकीतून बाहेर काढून ती धरून ठेवली. मला या देशात तोपर्यंत कुणी "जेवलास का" विचारलं नव्हतं, ताई सोडून. आणि ताईच्या विचारण्याचा मला राग यायचा.

मी त्याची सबटायटलं करायला लागलो. लोक कामावर आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं प्रत्येक वाक्य खाली लिहून दिसायला हवं. तो फाइल पाठवायचा, मी ऐकून टाइप करायचो आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तुझी पट्टी धरून तपासायचो. शेवटी पडद्यावर माझं नाव यायचं. मला त्याचा किती अभिमान वाटायचा, हे तुला सांगायला लाज वाटते.

मग व्हिडिओ बदलले. सुरुवात चेष्टेनं झाली, बायका आणि पार्किंग, बायका आणि शॉपिंग. बघणारे वाढले तसं चेष्टेतलं हसू कमी होत गेलं. बायकांना शिकवून आपण काय मिळवलं, असा एक. नोकरी करणारी बायको घरात असते का नसते, असा एक. नकार देणाऱ्या मुलीला कसं वठणीवर आणावं, असाही एक, आणि त्यात मी "वठणी"चा ण नीट आहे ना ते दोनदा पाहिलं. खाली माझ्यासारखीच मुलं लिहायची, दादा, तू आमचे डोळे उघडलेस. मी अर्थात शिरत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. पण अर्थ आत शिरताना आपली परवानगी मागत नाही.

दादाची बायको, वहिनी, शहरात नोकरी करते. सकाळी साडेसहाला मोटरवेवर गाडी घालते. एका रविवारी ती मला पोहे वाढत होती. गॅरेजातून दादाचा आवाज येत होता, घर सांभाळणं हीच स्त्रीची खरी ताकद वगैरे. वहिनीनं विचारलं, "तू हे टाइप करताना वाचतोस का रे?"

"मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतो, वहिनी."

"बरं आहे बाबा तुझं. मला ऐकावं लागतं."

तेवढ्यात दादा आत आला. "काय गं, माझ्या माणसाला फितवतेस काय?"

"तुमचा माणूस पोह्यांना फितलाय. घ्या, लिंबू पिळा."

आम्ही तिघंही हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं.

मी बदललो होतो हे मला हॅमिल्टनला कळायला हवं होतं. ताईची सकाळपर्यंतची ड्युटी संपली होती, ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि भावजी डोसे घालत होते. मी म्हणालो, "भावजी, तुम्हाला चालतं हे?" ते म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "हेच. बाई सोफ्यावर आणि पुरुष तव्यापाशी. तुम्ही फार ढील दिलीय तिला." ताईनं डोळे उघडले. "पुन्हा बोल," ती म्हणाली. मी ताट पुढे ओढलं. भाची पाच वर्षांची, तिला मराठी कळतं पण बोलते इंग्लिशच. ती म्हणाली, "मामा, व्हाय आर यू बीइंग मीन?" भावजींनी माझ्या ताटात डोसा टाकला आणि म्हणाले, "ढील असते पतंगाला. खा गरम गरम." त्या दिवशी मी जेवण होताच निघालो. बसमध्ये दादाला मेसेज केला की तू म्हणतोस ते खरं आहे, आमच्याच घरात बघ.

त्यानंतरच्या रविवारी दादानं मला अवोन्डेलला सोडलं. उन्हाळा होता, आठ वाजले तरी उजेड होता. घरासमोर गाडी थांबवून त्यानं विचारलं, "तुझी आई कशी होती रे?" आई, तू गेल्यापासून मला हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं इंजिन बंद केलं आणि मी सांगत सुटलो. मी पाचवीत असताना तू पुण्याला गेलीस ते. बाबा म्हणायचे ती आपल्याला सोडून गेली ते. निळी पिशवी. दर शनिवारी तू यायचीस आणि मी तुझ्याशी बोलायचो नाही ते. दादा मधे एकदाच बोलला. "निघताना मागे वळून तरी पाहिलं का रे तिनं?"

मी म्हणालो, "नाही."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एवढं मनात ठेवून जगतोयस होय? हे आपल्या दोघांत राहील, मित्रा." त्याच्या हाताचं वजन मला घरात जाईपर्यंत जाणवत होतं. मी त्या दिवशी शांत झोपलो.

दीड महिन्यानं गुरुवारी फाइल आली. सोबत मेसेज, शनिवारपर्यंत दे, जबरदस्त झालाय. व्हिडिओचं नाव होतं "तिनं मागे वळूनही पाहिलं नाही". पहिलं वाक्य होतं, माझा एक मित्र आहे, आपल्यातलाच. मग तू. तो तुझी चाल करून दाखवत होता, खांद्याला पिशवी लावल्यासारखं करून. "बाईसाहेब निघाल्या! कशासाठी? तर दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका शोधायला. स्वतःची चूक घरात वाट बघतेय, ती दिसली नाही." इथे त्यानं थांबून कॅमेऱ्यात पाहिलं. हे थांबणं मला ओळखीचं होतं, ते तो हशा येण्यासाठी घेतो. ती चूक म्हणजे मी होतो.

मी काय केलं असेल असं तुला वाटतं? मी त्याला फोन केला नाही. मी गाडीतल्या त्या वचनाची आठवण त्याला करून दिली नाही. मी लॅपटॉपवर पट्टी धरली आणि कामाला लागलो. गोष्ट नंतर, आधी अक्षरं. "बाईसाहेब" एक शब्द की दोन, यावर मी थांबून विचार केला. उद्गारचिन्ह कुठे, पूर्णविराम कुठे. अठरा मिनिटांचा व्हिडिओ, मी तो शुक्रवारीच पूर्ण करून पाठवला, एक दिवस आधी. एकही चूक नव्हती. शेवटी नेहमीसारखं माझं नाव आलं.

त्या नावामुळेच ताईला कळलं. तिच्या वॉर्डातल्या एका मराठी मुलीनं तिला तो पाठवला होता, नुसता टाइमपास म्हणून. ताईचा फोन आला तेव्हा मी गोदामाच्या बाहेर डबा उघडून बसलो होतो. ती ओरडली नाही. "ही आई आहे," ती म्हणाली. "आणि खाली तुझं नाव आहे." मग तिनं मला ते सांगितलं जे बाबांनी कधी सांगितलं नाही. तू काम करायचीस तो साताऱ्यातला प्रेस बंद पडला तेव्हा तुला येणारं एकमेव काम पुण्यात होतं. तू आम्हा दोघांनाही घेऊन जाणार होतीस, शाळेत चौकशीही केली होतीस. बाबा म्हणाले, जायचं तर तू जा, मुलं जाणार नाहीत. अकरा महिने तू दर शनिवारी आलीस. शेवटी ते काम सोडून परत आलीस आणि शाळेच्या ऑफिसात चिकटलीस, कारण मी तुझ्याशी बोलत नव्हतो. "आणि मागे वळून न पाहिल्याचं कुणी सांगितलं त्याला?" ताईनं विचारलं. "मी होते अंगणात. ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली. दारापाशी उभी राहिली. तू आतून कडी घातली होतीस." मी म्हणालो, मी आत होतो, मला काही कळलं नाही. ताईनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो व्हिडिओ काढून टाकायला लाव. नाहीतर इकडे येऊ नकोस."

मी फ्लॅट बुशला गेलो. या खेपेला बसनं, दोन बस बदलून. दादा गॅरेजात दिव्यांची उंची नीट करत होता. मी म्हणालो, "तो व्हिडिओ काढून टाक. ती माझी आई आहे."

"अरे, नाव घेतलंय का मी कुणाचं? कुणाला कळणार?"

"माझ्या बहिणीला कळलं."

"तिला म्हणावं, चिल. आपल्या सगळ्या व्हिडिओंत हा सगळ्यात जास्त चाललाय, माहितेय? मुलं मेसेज करतायत, दादा, रडलो. तुझ्या दुःखाचं सोनं झालं रे."

"तू म्हणाला होतास, आपल्या दोघांत राहील."

तेव्हा तो दिवे सोडून माझ्याकडे वळला. चिडलेला नव्हता. समजावण्याच्या सुरात, जसा तो राउंडअबाउट समजावतो तसा म्हणाला, "फाइल दोन दिवस तुझ्याकडे होती. तू ऐकलीस, टाइप केलीस, तपासलीस, वेळेआधी पाठवलीस. एक शब्द बोलला नाहीस. मी तर तुझी परवानगीच समजलो."

मी गॅरेजाचं दार ओलांडलं. बाहेर वहिनी गाडीतून सामान काढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "विचारलं होतं मी तुला." मी तिच्या हातातल्या दोन पिशव्या दारापर्यंत नेऊन ठेवल्या आणि निघालो.

परतीच्या बसमध्ये मला प्रेसवरचा एक दिवस आठवला. शाळा सुटल्यावर मी प्रेसवर आलोय, शाईचा आणि रॉकेलचा वास आहे, तू खिडकीपाशी बसली आहेस. लग्नात वाटायची एक छोटी पुस्तिका छापायला आली आहे, नव्या सुनेला उपदेश. तुझ्या लाल अक्षरात एका वाक्याशेजारी समासात लिहिलंय, लेखकास विचारावे. पुढच्या पानावर पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा. मालक म्हणाले, "बाई, तुमचं काम अक्षरांचं. इथे काय चुकलंय?" तू म्हणालीस, "नवऱ्यानं हात उगारला तर सुनेनं स्वतःचं काय चुकलं ते शोधावं, असं लिहिलंय. मला हे कळलं नाही. जे कळत नाही ते विचारणं हेही माझंच काम आहे, मालक." ती वाक्यं शेवटी तशीच छापली गेली. पण पुस्तिकेच्या मागे मुद्रितशोधकाचं नाव छापायचे, तिथून तू तुझं नाव काढून टाकायला लावलंस. मी हे सगळं पाहिलं होतं, आई. मी पट्टी घेतली, तुझं टक् करणं घेतलं, आणि एवढंच तेवढं प्रेसवर विसरून आलो.

सबटायटलं बदलण्याची परवानगी माझ्याकडे अजून होती. घरी येताच मी तो व्हिडिओ उघडला. माझं नाव व्हिडिओतच होतं, ते मला काढता येईना. मग "तिनं मागे वळूनही पाहिलं नाही" या वाक्याशी आलो आणि त्याच्यापुढे तुझे दोन शब्द लिहिले, लेखकास विचारावे. जिथे जिथे ते वाक्य आलं, तिथे तिथे. चार वेळा आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते तसं होतं. कुणीतरी खाली विचारलंही, दादा, हे काय लिहिलंय? मग दादानं माझी परवानगी काढून घेतली आणि सगळं पूर्ववत केलं. तक्रारीचा फॉर्म मी तीनदा भरला. व्हिडिओ अजून आहे. दादाचे आणखी नवे येत असतील, मी बघत नाही. गोदामात आता कान उघडे ठेवून काम करतो. सोबतचा सामोआ बेटांवरचा म्हातारा मला त्याच्या गुडघ्यांबद्दल सांगतो आणि मी ऐकतो.

ताईनं शेवटी मला घरी येऊ दिलं. व्हिडिओ निघाला नाही तरी, प्रयत्न केला म्हणून. गेल्या रविवारी मी हॅमिल्टनला होतो. भाचीला नवीन जँडल्स घेतल्या आहेत, एक नंबर मोठ्या. ती मागच्या अंगणात लाकडी पायऱ्यांवरून पळत होती आणि त्या रबरी चपला फटक फटक वाजत होत्या. मी आत भांडी पुसत होतो. आवाज कुंपणापर्यंत गेला, थांबला आणि परत दाराकडे यायला लागला. माझ्या हातातली ताटली तशीच राहिली.

तुझ्या उजव्या चपलेचा पट्टा ढिला होता. तू चाललीस की ती वाजायची, आणि तू घरात कुठे आहेस ते मला न बघता कळायचं. त्या सकाळी मी कडी घालून दाराला पाठ लावून बसलो होतो. तो आवाज फाटकापर्यंत गेला. थांबला. मग परत आला, पूर्ण अंगण ओलांडून, आणि दारापलीकडे थांबला. तू कडी वाजवली नाहीस, हाकही मारली नाहीस. बराच वेळ काही वाजलं नाही. मी श्वास रोखून बसलो होतो, म्हणजे मी आत नाही असं तुला वाटावं.

दादानं त्याला हवी तशी तुझी गोष्ट केली, ते मी त्याला कधी माफ करणार नाही. पण त्या वाक्यापुढे मी जे दोन शब्द लिहिले, त्यातला लेखक कोण, विचारायचं कुणाला, हे मला लिहितानाही माहीत होतं. गाडीत त्यानं विचारलं आणि मी नाही म्हणालो. तू परत आलेली मला ऐकू आली होती.

ताईला हे मी अजून सांगितलेलं नाही.